ते असो आणि सशांचा खाऊ

एका जंगलात एक सिंह राहत होता आणि तो फार बोलत असे.

हसू नका. सिंहानं डरकाळी फोडायची असते, हे मलाही ठाऊक आहे. पण हा सिंह बोलायचा. बरं, बोलणं मनानं वाईट नव्हतं. महाराज भले होते. फक्त मुद्द्यावर टिकत नसत. एखादा हुकूम द्यायला बसले की मध्येच म्हणत, "गोष्ट निघाली म्हणून सांगतो," आणि मग आजोबांनी मारलेला रेडा, त्या रेड्याची मावशी, मावशीच्या गावची नदी असं करत करत बऱ्याच वेळानं "ते असो" म्हणून परत हुकुमावर येत.

तुमच्या घरी असे एक काका असतीलच. मी तोच आहे, असं काही मुलं म्हणतात. म्हणू देत.

त्या राज्यात दोन कडक नियम होते. पहिला असा, की महाराजांनी गुहेबाहेर पडायचं नाही. दुसरा असा, की महाराज बोलत असताना कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही आणि तोंडात घास असेल तर चावायचाही नाही. त्यामुळे "महाराज, मुद्द्यावर या," असं सांगणारा कोणी नव्हता. पूर्वी एक तरस होता. आता नाही.

मग हुकूम बाहेर जाई कसा? मुंग्या नेत. एका मुंगीकडे एक शब्द. महाराज बोलत जात, मुंग्या एकेक शब्द घेत, आणि पुढचीचा पाय धरून रांगेनं गुहेबाहेर पडत. रेडा, मावशी, नदी, सगळं त्या रांगेत असे.

गुहेबाहेर एक मोठा उंबर होता. त्याच्याखाली बसे पाल्हाळछाटणी मंडळ.

मंडळाचे अध्यक्ष हत्ती होते. गंडस्थळे साहेब. उपाध्यक्ष गेंडा, शिंगाडे. सचिव अस्वल, केसकर. तिघांत मिळून एक भली मोठी कात्री होती. ती झाडाला टांगलेली असे आणि दर दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालत.

रांग उंबराखाली आली की हे तिघं गोल करून उभे राहत. आत काय चालतं ते बाहेरच्यांना दिसत नसे, कारण मध्ये हत्ती होता. नुसता आवाज येई. "कच्च!" तो आवाज केसकर तोंडानं काढत. मग रांग पलीकडून बाहेर पडे, आणि काय आश्चर्य! पाल्हाळ गेलेलं असे. फक्त हुकूम उरलेला असे.

"मंडळ आहे म्हणून राज्य चाललंय," असं सगळे म्हणत. मंडळाला ऊस, मध आणि कोवळा पाला घरपोच मिळे. कापतं कोण, असं कोणी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? तिथं सगळ्यांत मोठं कोण आहे ते दिसतच होतं.

पुढं तो हुकूम लांडग्याकडे जाई. लांडगे हवालदार. हुकूम अमलात आणणं हे त्यांचं काम. त्यांचा एक नेम होता. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी मुंग्यांची रांग समोरून जाऊ द्यायची, हुकूम मोठ्यानं म्हणायचा, आणि मग तो तंतोतंत पाळायचा. "खड्डा खणा" आलं की खड्डा. "खड्डा बुजवा" आलं की बुजवला. लांडगे हवालदारांना डोकं नव्हतं असं नाही. नोकरीत ते लागत नव्हतं.

तर एका उन्हाळ्यात कुरणाला वणवा लागला. सशांचं गवत सगळं जळून गेलं.

त्या सशांत एक कानिटकर काकू होत्या. काकूंना पुष्कळ पिल्लं होती. सशांना असतातच. पिल्लं भुकेनं रडायला लागली तशी काकू मंडळाकडे गाऱ्हाणं घेऊन निघाल्या. उंबराखाली पोचल्या, तर तिथं चिटपाखरू नाही. केसकरांच्या मुलीचा साखरपुडा होता. अख्खं मंडळ मध प्यायला गेलेलं.

एवढ्यात गुहेतून मुंग्यांची रांग आली. काकू बघत बसल्या. त्यांना वाटलं, आता या मुंग्या थांबतील. मंडळ आल्याशिवाय छाटणी कशी होणार?

मुंग्या थांबल्या नाहीत. उंबराखाली आल्यावर रांगेनं एक वळसा घेतला. पाल्हाळातली मधलीच एक कंटाळलेली मुंगी होती. तिनं काय केलं, पाल्हाळाच्या पहिल्या मुंगीला, म्हणजे जिच्याकडे "गोष्ट" हा शब्द होता तिला, कचकन चावा घेतला. "गोष्ट" किंचाळली, पुढचीचा पाय सोडून गर्रकन वळली आणि चावणारीलाच घट्ट धरून बसली. झाला की नाही गोल? मग "ते असो"च्या मागची मुंगी पुढं धावली आणि हुकुमाचं तुटलेलं टोक तिनं पकडलं. रांग पुन्हा अखंड! आणि सगळं पाल्हाळ, शेपटीसकट, फासासारखं गोल गोल फिरत झुडपात निघून गेलं.

काकूंचे दोन्ही कान उभे राहिले.

"अगं ए साखरबाई!" त्यांनी मुंग्यांच्या मुकादमिणीला हाक मारली. "हे तुम्हीच करता?"

"मग कोण करणार?" साखरबाई फणकारल्या. "त्या ढोल्यांसाठी थांबलो तर दिवाळी उजाडेल."

"पण मग मंडळ काय करतं?"

"उभं राहतं."

"नुसतं?"

"नुसतं कसं? सावली पडते चांगली. पायांच्या आडोशानं रांगेला वळण घ्यायला बरं पडतं. खोटं कशाला बोलू? ते असले की काम झपाझप होतं. पण चावायचं आम्हालाच लागतं."

गोष्ट निघाली म्हणून सांगतो. असाच कारभार तुमच्याआमच्या अंगात, प्रत्येक पेशीत चाललेला असतो. पेशीच्या गाभ्यात डीएनए नावाचे महाराज बसलेले असतात. ते बाहेर पडत नाहीत. त्यांचा हुकूम आरएनए नावाची लांबलचक रांग घेऊन निघते, आणि त्या हुकुमात जागोजागी पाल्हाळ असतं. ते कापून उरलेले तुकडे जोडावे लागतात. शहाणी माणसं कितीतरी वर्षं धरून चालली होती, की पेशीतली सगळी कामं जाडजूड प्रथिनं करतात, तेव्हा ही कापाकापीही तीच करत असणार. मग तळ्यातल्या एका एकपेशी जिवाचा आरएनए घेऊन, प्रथिनं पार धुऊन काढून पाहिलं, तर काप पडतच राहिला! रांग स्वतःच स्वतःला कापत होती. पुढं कळलं, की आपल्या पेशींत प्रथिनांचं मोठं मंडळ भोवती उभं असतं खरं, आधारही देतं, पण नेमका चावा घेतो तो आतला आरएनएच. ज्यांना हे ऐकायचं नव्हतं त्यांनी आत्ताचं सगळं गाळून वाचावं. ते असो.

काकूंच्या पोटात काही राहत नसे. संध्याकाळपर्यंत ही बातमी पाणवठ्यावर पोचली. हरणं हसली, माकडं तर झाडावरून पडली.

मंडळ मात्र खवळलं.

"कानिटकर काकू," गंडस्थळे साहेब सोंड आवरत म्हणाले, "आपण चार पिल्लांच्या आई आहात."

"चौदा," काकू म्हणाल्या.

"चौदा. म्हणून आदरानं सांगतो. जे कापतं, त्याला वजन लागतं. मुंगीला वजन आहे का?"

"मुंगीला कात्री उचलता येते का?" शिंगाड्यांनी विचारलं.

"तुम्ही तरी कधी उचललीत?" काकू म्हणाल्या. "तिच्यात सुगरणीनं घरटं बांधलंय."

माकडं पुन्हा पडली.

"ठराव मांडा," केसकर म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचत नसे.

ठराव झाला तो असा. पुढचा हुकूम मंडळ सर्वांसमक्ष, उघड्यावर, स्वतःच्या हातापायांनी छाटेल. मुंग्यांनी त्या वेळी हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून नुसतं चालायचं. चावायचं नाही. जी चावेल तिला वारूळ बंद.

"हाताची घडी घालू, की तोंडावर बोट ठेवू, की पुढचीचा पाय धरू?" साखरबाईंनी विचारलं. "हात मोजके आहेत आमच्याकडे."

त्यांना गप्प बसायला सांगितलं गेलं.

आता बघा, पुढचा हुकूम नेमका कुठला निघावा? महाराजांच्या कानावर सशांची उपासमार गेली होती. त्यांना वाईट वाटलं. अगदी मनापासून. ते म्हणाले:

"उद्या सकाळी सर्व सशांना खाऊ, गोष्ट निघाली म्हणून सांगतो, आमच्या आजोबांना खाऊ फार आवडे, त्यांची एक आत्या होती, तिला एक दात कमी होता, तो तिनं वडाखाली पुरला, वड आता वाळला, ते असो, घाला आणि वर गोड गाजरं द्या."

साधा, सरळ, मायेचा हुकूम. पाल्हाळ काढलं की झालं. "उद्या सकाळी सर्व सशांना खाऊ घाला आणि वर गोड गाजरं द्या." तुम्हीसुद्धा काढलं असतंत. मुंग्यांनी तर डोळे मिटून काढलं असतं.

पण आता काढणार हत्ती.

उंबराखाली सगळं जंगल जमलं. रांग आली. मुंग्या शहाण्यासारख्या चालत होत्या. कंटाळलेल्या मुंगीकडे या खेपेला "आत्या" हा शब्द आला होता आणि तिचे दात शिवशिवत होते, पण वारूळ जाईल या भीतीनं ती नुसती चालत राहिली. गंडस्थळे साहेबांनी डोळे बारीक केले. पाय उचलला. नेम धरून "गोष्ट"च्या पुढ्यात ठेवला. तिथून तो फरकन मागं ओढत नेला, थेट "असो"पर्यंत. पाल्हाळ साफ!

फक्त हत्तीचा पाय "असो"पाशी संपत नाही. तो हत्तीचा पाय आहे. त्याच्या कडेखाली आणखी एक मुंगी गेली. तिच्याकडे "घाला" हा शब्द होता.

घाबरू नका, मेली नाही कोणी. हत्तीच्या तळपायाला भेगा असतात. आत्या, दात, वड आणि "घाला", सगळ्या तिथं जाऊन बसल्या.

शिंगाड्यांनी शिंगानं तुटलेली दोन टोकं ढकलून जुळवली. केसकर ओरडले, "कच्च!" टाळ्या पडल्या. गंडस्थळे साहेबांना हार घातला. काकूंकडे बघून सगळ्यांनी च्च च्च केलं. मला तर त्या हत्तीचा अस्सा राग येतो!

आणि उरलेली रांग लांडगे हवालदारांकडे गेली.

हवालदारांनी नेमाप्रमाणे ती समोरून जाऊ दिली आणि मोठ्यानं म्हटली:

"उद्या सकाळी सर्व सशांना खाऊ आणि वर गोड गाजरं द्या."

हवालदारांनी अर्थ लावला. "खाऊ" म्हणजे आम्ही खाऊ. महाराज स्वतःला आम्हीच म्हणतात. म्हणजे सकाळी जेवण आहे, ससे आहेत, आणि जेवणावर गोड हवंच, तर गाजरं. सगळं नीट जुळत होतं. मंडळाची जोडणी होती ती, जुळणारच.

सकाळी ससे नटून आले. महाराज खाऊ देणार, एवढं त्यांच्या कानावर होतं. पिल्लांनी वाट्या आणल्या होत्या. गुहेच्या तोंडाशी हवालदारांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि एकेकाची मांडी दाबून बघायला सुरुवात केली. मंडईत काकडी बघतात तशी.

"हवालदार, हे काय करताय?" काकूंनी विचारलं.

"कोवळं आधी," हवालदार म्हणाले. "महाराजांचे दात आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. मी फोडून देणार."

"काय फोडून देणार? खाऊ कुठाय?"

हवालदारांनी काकूंचं धाकटं पिल्लू उचललं. "हा काय."

शेजारी मुंग्यांची रांग उभी होतीच, हुकुमाची. काकूंनी ती मनातल्या मनात म्हटली. सशांना खाऊ आणि वर. सशांना खाऊ, आणि वर! त्यांना सगळं कळलं.

"अहो, यातला एक शब्द गेलाय! 'घाला' होतं तिथं!"

"आमच्याकडे जे येतं ते आम्ही करतो," हवालदार म्हणाले. "शब्द मोजणं मंडळाकडे." आणि त्यांनी पिल्लाचा एक कान तोंडात घेतला.

एवढ्यात आतून आवाज आला. "हवालदार, आले का ससे?"

"आले, महाराज," हवालदार कान धरूनच म्हणाले.

"सुरू झाला का खाऊ?"

"आता पहिला घास, महाराज."

"वा! पोटभर होऊ द्या. कोणी मागं राहायला नको." महाराज मायेनं म्हणाले. "सशांवरून गोष्ट निघाली म्हणून सांगतो..."

झालं. सगळं जंगल जागच्या जागी थिजलं. नियमच तसा होता. हवालदार पिल्लाचा कान दातांत धरून उभे. चावायची सोय नाही. कौतुक बघायला आलेले गंडस्थळे साहेब कालचा हार घालून उभे. पिल्लू लटकलेलं. महाराज आजोबांच्या आत्याकडे वळले होते.

मुलांनो, मी आजवर पाल्हाळाला फार नावं ठेवली. त्या सकाळी त्या पाल्हाळावर एक जीव टांगलेला होता. "ते असो" येईपर्यंत पिल्लू जिवंत होतं. काकू मनात म्हणत होत्या, बोला महाराज, आणखी बोला, दाताचंही सांगा, वडाचंही सांगा.

महाराज बोलत असताना सशांनी, हरणांनी, हत्तींनी हलायचं नव्हतं. पण मुंगी हलली तर कोणाला दिसतंय? काकूंनी ओठ न हलवता कुजबूज केली, "साखरबाई, तुमची 'घाला' कुठाय?"

"आम्हाला हाताची घडी आहे," साखरबाई कुजबुजल्या. "वारूळ जाईल."

"माझं पोर जातंय!"

साखरबाईंनी पिल्लाकडे पाहिलं. मग हाताची घडी सोडली. "गेलं चुलीत ते वारूळ," त्या म्हणाल्या. "'घाला'! अगं ए भवाने! कुठं तडमडलीस?"

"इथं!" बारीक आवाज आला. "साहेबांच्या टाचेत!"

"बाहेर ये!"

"वर साहेब आहेत! पाय उचलायला सांगा!"

पण साहेब पाय कसा उचलणार? महाराज बोलत होते. आत वडापर्यंत गोष्ट आली होती. वड आता वाळणार, आणि वड वाळला की काय येतं ते सगळ्यांना माहीत होतं.

कंटाळलेली मुंगीही त्याच टाचेत होती. ती म्हणाली, "मला काल चावू दिलं नाही." आणि आदल्या दिवसाचं सगळं साठलेलं तिनं त्या मऊ जागी काढलं.

गंडस्थळे साहेब हलले नाहीत. शिस्तीचा प्राणी. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, हार भिजला, पण तोंडातून शब्द नाही. फक्त टाच तेवढी नकळत वर झाली, आणि "घाला" तीरासारखी सुटली.

"...तो वड आता वाळला," महाराज म्हणाले. "ते..."

"घाला" मुसंडी मारून रांगेत शिरली. एका हातानं "खाऊ"चा पाय धरला, मागं "आणि"ला पाय दिला.

"...असो."

हवालदारांनी जबडा आवळायला घेतला.

"हवालदार!" काकू जिवाच्या आकांतानं ओरडल्या. "नेम! कामाला हात घालायच्या आधी हुकूम म्हणायचा!"

हवालदार थबकले. नेम म्हणजे नेम. रांग पुन्हा समोरून गेली. कान तोंडात असल्यानं शब्द नीट येत नव्हते, म्हणून तो बाहेर काढावा लागला.

"उद्या सकाळी सर्व सशांना खाऊ घाला आणि वर गोड गाजरं द्या," हवालदारांनी म्हटलं. मग त्यांनी पिल्लाचा कान पुसला, पिल्लाला मांडीवर घेतलं आणि त्याच्या तोंडात गाजर कोंबलं.

"खा," ते गुरगुरले. "हुकूम आहे."

त्या दिवशी सशांनी पोटाला तड लागेस्तोवर खाल्लं. हवालदारांनी एकेकाला बळेबळे भरवलं. काकू ओल्या कानाच्या पिल्लाला पोटाशी धरून खूप वेळ रडल्या.

पुढं चौकशी झाली. होणारच. चौकशी मंडळानंच केली. निष्कर्ष असा निघाला, की मुंग्या कापतात हे मंडळाला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि त्यांना कापू देण्याचं अवघड काम मंडळ पिढ्यान्‌पिढ्या पार पाडत आहे. गंडस्थळे साहेबांच्या टाचेला मानाची पट्टी बांधली. मुंग्यांवर देखरेख ठेवायला दोन पाणघोडे नवे घेतले. साखरबाईंचं वारूळ परत मिळालं, फक्त त्याला साहेबांचं नाव दिलं. काकूंना "अर्धवट माहितीवर बोलू नये" अशी समज मिळाली.

मंडळ पुन्हा उंबराखाली उभं राहतं. सावली चांगली पडते. आत मुंग्या चावतात, बाहेर केसकर "कच्च" म्हणतात, आणि हुकूम बिनचूक जातात. कानिटकर काकू मात्र रोज सकाळी उंबरापाशी एक चक्कर टाकतात. हत्तीचे चारही पाय जमिनीवर आहेत ना, तेवढं बघून घरी जातात.

तात्पर्य : कामाच्या जागी मोठी मंडळी, गोष्ट निघाली म्हणून सांगतो, अत्यंत आवश्यक असतात, त्यांच्यावाचून पान हलत नाही, त्यांना नेहमी वाकून नमस्कार करावा, ते असो, नुसती उभी असतील तर देवाचे आभार मानावेत, आणि ज्या दिवशी ती स्वतः कामाला पाय लावतील, त्या दिवशी आपापली पिल्लं मोजून घ्यावीत.